वाट थकत नाही, नांगऱ्या थकतो: इंग्रजी कवितेतले अलंकार

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेची एक ओळ देतात आणि विचारतात: अलंकाराचं नाव सांगा व स्पष्ट करा. बारावीतही तेच. गावाकडच्या शाळांत या प्रश्नाची तयारी बहुतेक एकाच पद्धतीने होते, गाईडमधली यादी पाठ करायची. सिमिली म्हणजे 'लाइक' नाहीतर 'अ‍ॅज'. पर्सॉनिफिकेशन म्हणजे निर्जीवाला माणूस केलं. अ‍ॅलिटरेशन म्हणजे एकच अक्षर पुन्हा पुन्हा. पोट्ट्यांना नाव येतं, पण 'स्पष्ट करा' आलं की पेन थांबतो. यादीत व्याख्या असते आणि प्रश्न मात्र त्या ओळीबद्दल असतो, म्हणून हे होतं.

उपाय एकच, क्रम उलटा करायचा. नाव सगळ्यात शेवटी. आधी बघायचं, हीच गोष्ट साध्या बोलण्यात कशी सांगितली असती? मग, कवीच्या ओळीतला कोणता शब्द त्या साध्या वाक्यात बसत नाही? आणि तो शब्द तिथे घातल्याने काय मिळालं? एवढं कळलं की उत्तर जवळजवळ तयार असतं, वर नावाची चिठ्ठी तेवढी चिकटवायची राहते. नाव चुकलं तरी ओळ समजल्याचं कागदावर दिसतं.

खालच्या इंग्रजी ओळी मुद्दाम देवनागरीत दिल्या आहेत. त्या मोठ्याने वाचा. इंग्रजी कवितेतले निम्मे अलंकार कानाचे आहेत आणि इंग्रजीचं स्पेलिंग कानाला फसवतं.

ग्रेची चार ओळींची संध्याकाळ

थॉमस ग्रे या कवीची 'एलिजी' 1751 साली छापली गेली. गावाबाहेरच्या दफनभूमीत बसून लिहिल्यासारखी ती कविता आहे. सुरुवात अशी:

द कर्फ्यू टोल्स द नेल ऑफ पार्टिंग डे,
द लोइंग हर्ड वाइंड स्लोली ओअर द ली,
द प्लाउमन होमवर्ड प्लॉड्झ हिज वेअरी वे,
अँड लीव्ह्ज द वर्ल्ड टु डार्कनेस अँड टु मी.

ज्याने आखरावर परतणारी ढोरं पाहिली आहेत त्याला ही संध्याकाळ नवी नाही. गायकी मागून हाकत येतो, जनावरं हंबरतात, दिवसभर वखर हाकलेला माणूस पाय ओढत घराकडे निघतो. चित्र ओळखीचं आहे, अडचण शब्दांची आहे.

तिसरी ओळ घ्या. साधं वाक्य असं झालं असतं: थकलेला नांगऱ्या घराकडे चालला. पण कवीने 'थकलेली' हे विशेषण वाटेला लावलं. वाट कशी थकेल? थकवा माणसाचा, तो सरकवला वाटेवर. याला ट्रान्सफर्ड एपिथेट म्हणतात. फायदा काय झाला? नुसता माणूस थकलेला राहिला नाही, त्याचं प्रत्येक पाऊल आणि समोरचा सगळा रस्ताच जड झाला. आपणही 'उपाशी दिवस काढले' म्हणतो. उपाशी माणूस असतो, दिवस नव्हे.

या अलंकाराची तपासणी सोपी आहे. विशेषण उचलून वाक्यातल्या माणसाला लावून बघा. तिथे ते नीट बसलं आणि सध्याच्या जागी अडत असेल, तर ट्रान्सफर्ड एपिथेट. दोन्हीकडे बसत असेल तर घाई करू नका.

आता पहिली ओळ. नेल म्हणजे कुणी मेल्यावर वाजवतात ती चर्चची घंटा. नेहमीची संध्याकाळची घंटा वाजते आहे, पण कवी म्हणतो ती दिवसाच्या मरणाची आहे. 'लाइक' नाही, 'अ‍ॅज' नाही, थेट तेच आहे असं सांगितलं, म्हणून मेटॅफर. दिवस माणसासारखा निरोप घेतो, म्हणून पर्सॉनिफिकेशन म्हटलं तरी चालतं. एका ओळीत दोन अलंकार असू शकतात हे पोरांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर ती 'खरं उत्तर कोणतं' यातच दहा मिनिटं घालवतात.

दुसऱ्या ओळीत एक खड्डा आहे. तिथला शब्द वाऱ्याच्या स्पेलिंगचा आहे, म्हणून अनेक जण 'विंड' वाचतात आणि अर्थात वारा आणतात. इथे ते क्रियापद आहे, उच्चार वाइंड, म्हणजे वळणं घेत जाणं. कळप कुरणावरून नागमोडी चालला आहे. 'लोइंग' म्हणजे हंबरणं. त्या शब्दात हंबरण्याचा आवाज आहे, म्हणून ऑनोमॅटोपिया.

आधी कान, मग डोळे

अ‍ॅलिटरेशनमध्ये सगळ्यात जास्त गुण फुकट जातात, कारण पोरं अक्षर मोजतात. मोजायचा असतो आवाज. आपल्या अनुप्रासात हा प्रश्न येत नाही, कारण मराठीत लिहितो तसंच जवळपास बोलतो. इंग्रजीत नाइफ आणि काइट या दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर एकच, पण एकाची सुरुवात न ने होते, दुसऱ्याची क ने. सिटी आणि कॅट यांचंही तसंच. उलट फोन आणि फायर यांची अक्षरं वेगळी, पण आवाज एक. वन आणि वाइल्ड हेही कानाला जोडीचे.

मराठी माध्यमाच्या मुलाकडे यावर हुकमी साधन आहे. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहायचा. कोलरिजच्या 'एन्शंट मॅरिनर'मधली, 1798 साली पहिल्यांदा छापलेल्या कवितेतली, ओळ अशी दिसेल:

द फेअर ब्रीझ ब्ल्यू, द व्हाइट फोम फ्ल्यू,
द फरो फॉलोड फ्री.

ब, ब. फ, फ, फ, फ, फ, फ. लिहिलं की लपत नाही. 'ब्ल्यू' आणि 'फ्ल्यू' यांची ओळीच्या आतच जुळणी होते, ती वेगळी गोष्ट, आतलं यमक. आणि जाता जाता 'फरो' या शब्दाकडेही बघा. फरो म्हणजे नांगराचा तास. समुद्रात नांगर कुठून आला? जहाजामागे पाण्यावर जी रेघ उमटते तिला कवी तास म्हणतो. नुसत्या एका नामात मेटॅफर दडला आहे. शेतकऱ्याच्या घरातलं पोर हे वाचून पुढे जातं, कारण फरोचा अर्थ 'चर' असा पाठ केलेला असतो. वावरातला तास डोळ्यांपुढे आणला तर ओळ लगेच उलगडते.

देवनागरीच्या युक्तीत तीन जागी फसगत होते, त्या आधीच ओळखून ठेवा.

पहिली, व. इंग्रजीत दोन वेगळे आवाज आहेत. एकात ओठ गोल करतात, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात. 'वेअरी' म्हणजे थकलेला आणि 'व्हेरी' म्हणजे फार, यांच्यात अ‍ॅलिटरेशन होत नाही. दुसरी, स आणि श. बोलताना ते एक करण्याची सवय असेल तर 'सी' आणि 'शोअर' जोडीचे वाटतील, पण ते जोडीचे नाहीत. तिसरी, बारीकसारीक शब्द. 'द', 'टु', 'देअर' यांच्यावर जोर येत नाही, ते मोजू नका. अर्थाचे, जोराने उच्चारले जाणारे शब्दच धरा, आणि ते जवळजवळ असावेत.

तोच शब्द पुन्हा आला तर ते अ‍ॅलिटरेशन नव्हे, रिपिटिशन. टेनिसनच्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' या घोडेस्वारांच्या हल्ल्यावरच्या कवितेत 'कॅनन टु राइट ऑफ देम, कॅनन टु लेफ्ट ऑफ देम, कॅनन इन फ्रंट ऑफ देम' असं येतं. तिथे क चा अनुप्रास शोधू नका. एकच शब्दरचना तीनदा आल्याने तिन्ही बाजूंनी तोफांनी घेरल्याचा भास होतो, स्पष्टीकरणात हे लिहा.

ऑनोमॅटोपियात वेगळीच गडबड होते. झगमग, लखलख, चमचम हे आपले शब्द नादाचे वाटतात, म्हणून इंग्रजीतल्या 'ट्विंकल' किंवा 'स्पार्कल'लाही पोरं ऑनोमॅटोपिया लिहितात. पण चमकण्याला आवाज नसतो. शब्दाचा उच्चार प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या आवाजाची नक्कल करत असेल तरच हे नाव द्या. टेनिसनच्या 'द ब्रुक'मध्ये ओढा स्वतःच बोलतो: 'आय चॅटर ओव्हर स्टोनी वेज', पुढे 'आय बॅबल ऑन द पेबल्स'. चॅटर, बॅबल हे खळखळीचे शब्द आहेत. आणि ओढा 'मी' म्हणून बोलतो, म्हणजे पर्सॉनिफिकेशनही झालंच.

पन, म्हणजे आपला श्लेष, हाही कानाचाच मामला. टॉमस हुड या विनोदी कवीची एक ओळ आहे: 'दे वेन्ट अँड टोल्ड द सेक्स्टन, अँड द सेक्स्टन टोल्ड द बेल.' सेक्स्टन म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा सेवक. पहिलं टोल्ड म्हणजे सांगितलं, दुसरं म्हणजे घंटा वाजवली. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, देवनागरीत एकच. स्पष्टीकरणात दोन्ही अर्थ लिहिले नाहीत तर उत्तर अर्धंच राहतं.

यमकाच्या रचनेसाठीही, म्हणजे ए-बी-ए-बी लिहिताना, हेच करा. लव्ह आणि मूव्ह यांचं शेपूट लिहिताना सारखं, ऐकताना नाही. ग्रेच्या चार ओळींत डे-वे आणि ली-मी जुळतात, म्हणून ए-बी-ए-बी.

'लाइक' दिसलं म्हणून सिमिली नाही

'आय लाइक रेन' यात लाइक म्हणजे आवडणं. 'अ‍ॅज आय वॉज वॉकिंग' यात अ‍ॅज म्हणजे चालत असताना. 'शी रन्स लाइक हर सिस्टर' यात तुलना आहे, पण बहीण-बहिणीची. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एका गुणापुरत्या जोडल्या तरच सिमिली. म्हणून उत्तरात तीन गोष्टी हव्यात: कशाची तुलना, कशाशी, आणि कोणत्या गुणावरून. तिसरीच नेहमी राहते.

कधी कवी गुण हातात देतो. कोलरिजचं जहाज वारा पडल्यावर समुद्रात अडकतं: 'अ‍ॅज आयडल अ‍ॅज अ पेंटेड शिप अपॉन अ पेंटेड ओशन.' आयडल, म्हणजे हालचाल नाही. चित्रातलं जहाज हलत नाही, चित्रातला समुद्रही नाही. कधी मात्र तो गुण सांगत नाही. बर्न्स 1794 च्या कवितेत म्हणतो, माझी प्रिया तांबड्या गुलाबासारखी, आणि पुढे जोडतो, 'दॅट्स न्यूली स्प्रंग इन जून', जूनमध्ये नुकत्याच उमललेल्या. गुण आपण काढायचा: टवटवी, ताजेपणा.

इथे आपलं पंचांग आडवं येतं. आपल्याकडे जून म्हणजे मृग, पेरणीची धावपळ, पाऊस आला तर आला. ब्रिटनमध्ये जून म्हणजे गुलाबाचा बहर. हवामानाने होणारा हा घोटाळा शेक्सपिअरच्या अठराव्या सॉनेटमध्ये, 1609 च्या, फार मोठा होतो:

शॅल आय कम्पेअर दी टु अ समर्स डे?
दाउ आर्ट मोअर लव्हली अँड मोअर टेम्परेट.

चंद्रपूर-अकोल्याकडचा विद्यार्थी समर वाचतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे 45 अंशांच्या वरचा मे येतो, धापा टाकणारी गुरं आणि कोरडी विहीर. मग उत्तरात 'प्रिय व्यक्ती तापट आहे' असं काहीतरी येतं. लंडनच्या जुलैत दिवसाचं कमाल तापमान सरासरी 23-24 अंशांच्या आसपास असतं. तिथला उन्हाळी दिवस म्हणजे आपल्याकडचा थंडीतला प्रसन्न दिवस समजा. वर कवी म्हणतो, तू त्याहूनही सौम्य आहेस. मराठी व्याकरणात याला व्यतिरेक म्हणतात, ज्याची तुलना करतो ते उपमानाहून वरचढ. इंग्रजीच्या यादीत व्यतिरेकाचा वेगळा रकाना नाही, म्हणून पोरं इथे सिमिली लिहितात. पहिल्या ओळीला इंटरॉगेशन लिहा, प्रश्नाच्या रूपात मांडणी. पुढे सूर्याला 'आय ऑफ हेवन', स्वर्गाचा डोळा, म्हटलं आहे, तो स्वच्छ मेटॅफर.

ऑटमचंही तसंच. शब्दकोशात पानगळ सापडते आणि उत्तरात दुःख येतं. कीट्सची 'टु ऑटम' 1819 च्या सप्टेंबरात लिहिली गेली, आणि ती सगळी सुगीची कविता आहे. दुसऱ्या कडव्यात ऑटम धान्याच्या खळ्यासारख्या जागी निवांत बसली आहे आणि उपणणीच्या वाऱ्याने तिचे केस हलकेच उडताहेत. अर्ध्या कापलेल्या तासात ती झोपीही जाते, विळा तसाच थबकलेला. पर्सॉनिफिकेशनचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधू नका. थ्रेशर आल्यापासून उपणणी पोरांनी फारशी पाहिलेली नाही, म्हणून आधी ती समजावून सांगा: सुपातून धान्य उंचावरून सोडायचं, वारा भुसा उडवतो, दाणा खाली पडतो. मग केसांतून वारा का जातो ते सांगावं लागत नाही.

वाघ जळत नाही

मेटॅफर ओळखताना 'इज' शोधायची सवय घातक आहे. 'ऑल द वर्ल्ड्स अ स्टेज' यात ते आहे, जग म्हणजे रंगमंच, आणि म्हणून सगळे हेच उदाहरण पाठ करतात. पण बहुतेक मेटॅफर क्रियापदात किंवा विशेषणात असतात. ब्लेकच्या 1794 च्या कवितेत 'टायगर टायगर, बर्निंग ब्राइट' अशी हाक आहे. ताडोब्याच्या आसपासच्या मुलाला वाघ नवा नाही, पण जळणारा वाघ त्याने पाहिलेला नाही. जळणं आगीचं काम. रात्रीच्या जंगलात वाघाचा रंग, डोळे, दरारा, सगळं पेटल्यासारखं. 'वाघ आगीसारखा' असं कवी म्हणत नाही, 'जळतो' म्हणतो, म्हणून मेटॅफर. बर्निंग-ब्राइट हे अ‍ॅलिटरेशन, टायगर दोनदा हे रिपिटिशन, आणि थेट वाघाशी बोलणं हा अपॉस्ट्रॉफी.

अपॉस्ट्रॉफी म्हणजे जो ऐकू शकत नाही, हजर नाही किंवा जिवंत नाही त्याला हाक मारून बोलणं. 'येरे येरे पावसा, तुला देतो पैसा' हाच प्रकार. शिवाय पावसाला पैशाची लालूच दाखवल्याने पर्सॉनिफिकेशनही झालं. शेली पश्चिमेच्या वाऱ्याला 'ओ वाइल्ड वेस्ट विंड' म्हणतो. वर्डस्वर्थ मिल्टनला हाक मारतो, त्या वेळी मिल्टनला जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती. समोर बसलेल्या माणसाला 'अरे मित्रा' म्हणणं हे साधं संबोधन, अलंकार नाही.

पर्सॉनिफिकेशन आणि मेटॅफर यांच्या सीमेवर वाद होतात. कसोटी एवढीच: दिलेला गुण माणसाचाच आहे का? टेनिसनच्या त्याच तोफांच्या कवितेत 'जॉज ऑफ डेथ' आहे, मृत्यूचा जबडा. जबडा जनावरालाही असतो, आणि गिळणारं जनावरच तिथे जास्त शोभतं, म्हणून मेटॅफर म्हणणं बरं. गाईडमध्ये पर्सॉनिफिकेशन लिहिलेलं आढळतं. स्पष्टीकरणात 'मृत्यूला शरीर दिलं' एवढं स्पष्ट आलं तर दोन्ही पटतात.

सहाशे म्हणजे सहाशेच

हायपर्बोली म्हणजे अतिशयोक्ती. उच्चार हायपरबोल नव्हे, शेवटी 'ली' येतं. मोठा आकडा दिसला की हे नाव लिहिणारे खूप. वर्डस्वर्थची 'टेन थाउजंड सॉ आय अ‍ॅट अ ग्लान्स' ही ओळ खरोखर अतिशयोक्तीची, कारण एका नजरेत दहा हजार फुलं कुणी मोजत नाही. इथे शब्दक्रमही उलटा आहे. साध्या बोलण्यात 'आय सॉ टेन थाउजंड' झालं असतं, म्हणून इन्व्हर्जन. पण टेनिसनच्या कवितेतले 'सिक्स हंड्रेड' घोडेस्वार ही अतिशयोक्ती नव्हे. 25 ऑक्टोबर 1854 रोजी क्रायमियात बालाक्लावाच्या लढाईत त्या हल्ल्यात खरोखर 670 च्या आसपास स्वार होते. कवीने आकडा थोडा कमीच केला. हायपर्बोली लिहिण्याआधी 'हे शक्य आहे का' एवढं विचारा. बर्न्स म्हणतो समुद्र आटेपर्यंत प्रेम करीन, ते शक्य नाही.

उलट अर्थाचे तीन भाऊ

अँटिथेसिस, ऑक्सिमोरॉन, पॅरॅडॉक्स. परीक्षेत यांचीच सगळ्यात जास्त अदलाबदल होते, आणि मराठीतला विरोधाभास पाठ असल्याने ती वाढते, कारण पोरं तिघांनाही तेच समजतात. फरक अंतराचा आहे.

दोन उलट शब्द अगदी खेटून आले, एकमेकांचं विशेषण होऊन आले, तर ऑक्सिमोरॉन. ज्युलिएट निरोप घेताना म्हणते, 'पार्टिंग इज सच स्वीट सॉरो.' गोड दुःख. दूर जाण्याचं दुःख आहे, पण पुन्हा भेटण्याच्या आशेने ते गोडही आहे.

उलट शब्द वाक्याच्या दोन तोललेल्या भागांत आले, आणि अर्थात काहीच अशक्य नसलं, तर अँटिथेसिस. पोपची ओळ: 'टु एर इज ह्यूमन, टु फरगिव्ह डिव्हाइन.' चुकणं माणसाचं, क्षमा देवाची. 'मेन मे कम अँड मेन मे गो, बट आय गो ऑन फॉर एव्हर' ही ओढ्याची ओळही याच घरातली.

आणि उलट शब्द असोत-नसोत, पूर्ण विधानच वेडगळ वाटलं आणि विचार केल्यावर पटलं, तर पॅरॅडॉक्स. 'द चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन.' लेकरू बाप कसं होईल? पण लहानपणी जसं मन घडतं तसाच पुढचा माणूस घडतो, त्या अर्थाने लेकरूच बाप. पॅरॅडॉक्सच्या उत्तरात दोन टप्पे हवेत: अशक्य का वाटतं, आणि खरं कसं आहे. एकच लिहिलं तर उत्तर लंगडं.

जे आपण रोज बोलतो

मेटॉनिमी आणि सिनेक्डकी या दोन नावांना पोरं घाबरतात, आणि गावात दिवसभर त्याच भाषेत बोलतात. 'कापूस वेचायला हात कमी पडले', हात म्हणजे माणसं, अवयवावरून पूर्ण माणूस. 'घरात खाणारी आठ तोंडं' हेही तसंच. हा सिनेक्डकी. 'सगळं गाव लोटलं', गाव म्हणजे गावातली माणसं. 'दोन कप पिऊन निघाले', कप म्हणजे चहा. गोष्ट तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीने सांगितली, पण ती तिचा अवयव नाही, म्हणून मेटॉनिमी. जेम्स शर्ली या कवीने मृत्यूबद्दल लिहिलं आहे की राजदंड आणि मुकुट खाली कोसळतील आणि धुळीत विळा-कुदळीच्या बरोबरीला येतील. मुकुट म्हणजे राजा, विळा-कुदळ म्हणजे शेतमजूर. दोन्ही मेटॉनिमी, कारण मुकुट राजाच्या अंगाचा तुकडा नाही.

युफेमिझमला तर उदाहरणं शोधावीच लागत नाहीत. माणूस मेला न म्हणता वारला, बांगडी फुटली न म्हणता वाढवली, रात्री साप न म्हणता लांबडं. कवितेत मरणाला झोप म्हटलं की तेच. क्लायमॅक्स (चढत्या क्रमाने मांडणी), टॉटॉलॉजी (एकच अर्थ वेगळ्या शब्दांत पुन्हा) वगैरे क्वचित विचारतात, एक-एक उदाहरण पाठ असलं तरी भागतं.

सहा ओळींवर हात बसवा

सरावासाठी टेनिसनची 'द ईगल', 1851 ची, सगळ्यात सोयीची, कारण पूर्ण कविता सहाच ओळींची आहे:

ही क्लास्प्स द क्रॅग विथ क्रुकिड हँड्स;
क्लोज टु द सन इन लोनली लँड्स,
रिंग्ड विथ द अ‍ॅझर वर्ल्ड, ही स्टँड्स.

द रिंकल्ड सी बिनीथ हिम क्रॉल्स;
ही वॉचेस फ्रॉम हिज माउंटन वॉल्स,
अँड लाइक अ थंडरबोल्ट ही फॉल्स.

यमक ए-ए-ए, बी-बी-बी. पहिल्या ओळीत क्लास्प्स, क्रॅग, क्रुकिड, आणि दुसरीची सुरुवात क्लोजने: कडक क चे आवाज खडकावर नखं रुतल्यासारखे. गरुडाला पंजे असतात, कवीने हात दिले, पर्सॉनिफिकेशन. सूर्याजवळ उभा, हायपर्बोली. लोनली लँड्समध्ये ल चं अ‍ॅलिटरेशन. ट्रान्सफर्ड एपिथेट म्हणावं का? एकटा गरुड आहे, पण प्रदेशही निर्जन असू शकतो. विशेषण दोन्हीकडे बसतं, म्हणून इथे अ‍ॅलिटरेशन लिहिणं सुरक्षित. तिसऱ्या ओळीत 'ही स्टँड्स' शेवटी ढकललं, इन्व्हर्जन. समुद्राला सुरकुत्या आणि तो रांगतो: उंचावरून लाटा सुरकुत्यांएवढ्या बारीक दिसतात आणि त्यांचा वेग कळत नाही, म्हणून हे शब्द. शेवटी वीज. सिमिली, आणि गुण तीन: वेग, अचानकपणा, नेम. वीज पडलेलं झाड ज्याने पाहिलं आहे त्याला चौथाही लिहिता येईल, जिथे पडते तिथे काही उरत नाही.

उत्तर कागदावर उतरवताना दोन वाक्यं पुरे. नमुना ग्रेच्या ओळीचा: 'द फिगर ऑफ स्पीच इज ट्रान्सफर्ड एपिथेट. द अ‍ॅड्जेक्टिव्ह वेअरी इज यूज्ड विथ वे, बट इट इज द प्लाउमन हू इज वेअरी.' व्याख्या लिहू नका, ओळीतले शब्द लिहा. दोन अलंकार दिसत असतील आणि एकच मागितला असेल, तर ज्याचं कारण ओळीतल्याच शब्दांनी दाखवता येतं तो निवडा. रसग्रहणाच्या प्रश्नात एक अलंकार विचारला तर कवितेतली सगळ्यात सोपी सिमिली किंवा अ‍ॅलिटरेशन घ्या आणि ओळ अवतरणात उतरवून घ्या. तिथे ट्रान्सफर्ड एपिथेट शोधून शहाणपण दाखवण्यात वेळ जातो, गुण तेवढेच मिळतात.